मंगळाच्या राजाचा आवाज

काकाचा आवाज सिनेमातून काढून टाकायला लेखी परवानगी मी दिली. काकाच्या नावानं, काकाला न विचारता, पोस्टकार्डावर. आणि खाली सहीसुद्धा त्याची म्हणून मीच ठोकली. अक्षर माझं चांगलं होतं आणि त्याचा मला तेव्हा फार गर्व होता. हे आता लिहायला बसलोय ते पश्चात्ताप झाला म्हणून नव्हे. पश्चात्ताप त्या वेळीच झाला होता आणि अंगाला लागेल इतका झाला होता. कारण वेगळं आहे. परवा माझ्या नातीनं फोनवर मला तो सिनेमा दाखवला. कुणीतरी तो जुन्या रिळांवरून धुऊनपुसून पुन्हा बाहेर काढलाय आणि मुंबई-पुण्याकडची तरुण मंडळी म्हणे त्याच्यावर बेहद्द खूश आहेत. पत्र्याचं रॉकेट, लुकलुकणारे गणपतीतले दिवे, डोक्यावर चाळण्या घातलेले मंगळवासी. "आजोबा, ह्याला रेट्रो चार्म म्हणतात," नात म्हणाली. आणि सगळ्यात गमतीदार म्हणे तो मंगळाचा राजा! हातानं भलतंच करतो आणि तोंडानं भलतंच बोलतो, तेही बादलीतून बोलल्यासारखं. त्याच्या छोट्या छोट्या चित्रफिती कापून पोरं एकमेकांना पाठवतात. मी फोन तिच्या हातात परत दिला आणि माजघरात जाऊन बसलो. माझं डोकं जे सणकलंय ते अजून ठिकाणावर आलेलं नाही. सिनेमाचं नाव मी लिहिणार नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांना आहे, बाकीच्यांनी शोधायची गरज नाही.

आमचं घर धामापूरच्या तळ्यापासून अर्ध्या तासाच्या चालीवर. वडील ओरोसला सरकारी कचेरीत. शनिवारी एसटीनं यायचे, सोमवारी पहिल्या गाडीनं जायचे. मधले दिवस घरात आई, मी, बाबलकाका आणि काकी. शेत आणि काजूची झाडं काका बघायचा, पण पावसाळा सरेपर्यंतच. दिवाळी झाली की डोक्यावर ट्रंक घेऊन तो दशावतारी कंपनीबरोबर बाहेर पडे, तो गावोगावच्या जत्रा करत उन्हाळा तापला की परत येई. कंपनीत तो राजा. कुठलाही राजा असो, चांगला, वाईट, शापित, तो बाबलकाकाच. दशावतारात लिहिलेलं नाटक नसतं, हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. तोंडाला रंग लावता लावता आजचं कथानक काय ते ठरतं, बाकडं मांडलेलं असतं, पेटी आणि मृदंग सुरू होतात आणि राजानं येऊन बोलायचं. काय बोलायचं ते त्याचं त्यानं बघायचं. अर्धा तास बोला, तासभर बोला, राजा थांबेल तेव्हा प्रवेश थांबेल. काका बोलायला लागला की बायका कडेवरच्या पोरांना थोपटायच्या थांबत, असं आई सांगायची. घरी मात्र हा राजा "मीठ वाढ गो" याच्यापलीकडे फारसा बोलत नसे.

काकीला दिसत नव्हतं. डोळ्यांच्या ऑपरेशनमध्ये कुठेतरी बिघडलं आणि जे धुरकट दिसत होतं तेही गेलं. पण तिच्यासमोर चोरी करून कुणी सुटला नाही, निदान मी तरी नाही. भाकरी तव्यावर फुगली की तिला ऐकू येई. नारळ कानाशी हलवून तो किती जुना ते सांगे. मी परसदारी फणसाच्या भाजलेल्या घोट्या, म्हणजे आठळ्या, खिशात भरत असलो की चुलीपुढून हाक येई, "दिग्या, चार ठेव रे बाकीच्यांका." माणूस म्हणजे तिच्या लेखी आवाज. त्यामुळे काका परत आला की पहिल्या सकाळी उकड्या तांदळाची पेज आणि भाजलेल्या सुक्या बांगड्याचा तुकडा त्याच्यापुढे ठेवून ती म्हणे, "आता सांगा, खंय काय बोललात." काका दोन-चार वाक्यं म्हणून बघे, मध्येच अडे, हात झटके. "छ्या! ता तेव्हा इला, आता येणा नाय." त्यावर तिचं दरवर्षीचं उत्तर ठरलेलं, "बरा बरा ता लोकांनी आयकला. माका उरला ता शिळा." गावच्या जत्रेतला एक खेळ काय तो तिच्या वाट्याला यायचा, आणि त्यातही मागे बसून गप्पा मारणाऱ्या बायकांना ती दर दोन मिनिटांनी गप्प बसवत असायची.

तर त्या वर्षी मे महिन्यात मुंबईची सिनेमावाली मंडळी आली. एक ट्रक, एक मेटॅडोर आणि वीसेक माणसं. शाळेला सुट्टी होती, तिथे उतरली. गावामागे आमचा कातळाचा सडा आहे. उन्हाळ्यात गवताची काडी उरत नाही, नुसता लाल-काळा खडक आणि मध्ये मध्ये खड्डे. डायरेक्टर साहेब बारीक अंगाचे, डोक्याला रुमाल बांधलेले. सड्यावर उभे राहून त्यांनी दोन्ही हात पसरले आणि म्हणाले, "हा मंगळ!" माझा एक चुलता त्या खडकाला जन्मभर शिव्या देत आला होता, कारण तिथे काहीच पिकत नाही. तो म्हणाला, "मंगळ तो मंगळ, पण घेवन जातल्यात काय?"

गोष्ट अशी की तीन मुलं आणि त्यांची शास्त्रज्ञ आत्या घरी बनवलेल्या रॉकेटात बसतात आणि चुकून मंगळावर उतरतात. रॉकेट पत्र्याचं. आतल्या बाजूला देवगडच्या आंब्याच्या पेट्यांच्या फळ्या ठोकल्या होत्या आणि वर चंदेरी रंग फासला होता. उन्हानं पत्रा तापला की रॉकेटाला पेंढ्याचा आणि हापूसचा वास सुटायचा. मंगळावरचं धुकं म्हणून नारळाची सोलून काढलेली सोडणं जाळायची. मंगळावरचं फळ म्हणून काजूचं बोंडू. मधल्या पोराला मी बजावून सांगितलं होतं की घसा धरेल, फार खाऊ नको. त्यानं तीन खाल्ली आणि दिवसभर मंगळावर खोकत बसला. मी सतरा वर्षांचा होतो, वर्गात मराठीत पहिला होतो, आणि या सगळ्या कारभारात आपल्यावाचून पान हलत नाही अशी माझी खात्री होती. मी त्यांच्याशी पुस्तकी मराठीत बोलायचो. घरीही त्या दिवसांत मी "माका-तुका" सोडून दिलं होतं. आई म्हणायची, ह्याच्या जिभेक काय झाला?

मंगळाच्या राजाचं काम करणारा नट मुंबईहून आलाच नाही. साहेब डोक्याला हात लावून बसले होते. मी म्हणालो, "आमच्या घरात राजा आहे." एवढं एक वाक्य मी त्या उन्हाळ्यात शहाणपणाचं बोललो. काका ट्रंक घेऊन सड्यावर गेला. स्वतःचा रंग स्वतः लावला, स्वतःचा मुकुट, स्वतःची जरीची छाती. त्या मुकुटाला त्यांनी मोटारीच्या दोन एरियल तारेनं बांधल्या. काकानं ते सहन केलं. मला अजून सहन होत नाही. त्या मुकुटाला हात लावण्याआधी काका रोज नमस्कार करायचा हो! साहेबांनी त्याला सांगितलं, तुम्ही फक्त हात वर करायचा आणि म्हणायचं, पृथ्वीवासीयांनो, परत जा.

"इतक्याच?" काका माझ्याकडे वळला. "दारात इल्या पोरांक राजा इतक्याच सांगता?"

"इतकंच," मी म्हणालो, शुद्ध मराठीत.

कॅमेरा सुरू झाला. राजा आला, थांबला, पोरांकडे बघितलं. आणि मग जे बोलणं सुरू झालं ते मी आजवर विसरलेलो नाही, आणि माझ्याशिवाय आता ते कुणापाशीही नाही. तो म्हणाला, "कोण तुम्ही? परक्या राज्यात पाऊल टाकण्याआधी वेशीवर थांबून विचारण्याची रीत तुमच्या पृथ्वीवर उरली नाही काय? आमच्या ह्या भूमीत गवत उगवत नाही म्हणून ती कोणाचीच नाही असं वाटलं तुम्हाला?" साहेब ओरडले, "कट!" राजा थांबेना. राजाला मध्येच कोणी थांबवतं ही गोष्टच काकाच्या गावी नव्हती. त्याला वाटलं असेल प्रेक्षकांत कुणीतरी ओरडतंय, जत्रेत ओरडतातच. तो धाकट्या मुलीपुढे वाकला. "बोल बाळे, विचारलंस?" ती सहा वर्षांची पोर आपलं पाठ केलेलं सगळं विसरली आणि खरंखरं म्हणाली, "नाही." "मग आता विचार." "आम्ही येऊ का?" राजानं हात पुढे केला आणि त्याचा आवाज असा खाली आला की आम्ही सगळे अर्धं पाऊल पुढे सरकलो. "या. आता आलात. उन्हातून आलात, बसा. आधी पाणी घ्या, मग भांडू." साहेबांनी पुन्हा "कट" म्हटलं नाही. रीळ संपून कॅमेरा नुसता फडफडत होता. साहेब डोळे पुसत म्हणाले, "सोडणांचा धूर फार आहे इथे. हे असंच ठेवायचं."

त्या दुपारी काका घरी आला तो न जेवताच काकीसमोर बसला. "आज सड्यार मी जा बोललंय ना," तो म्हणाला, "तसा आता परत बोलाक माका जमाचा नाय. पण ह्या खेपेक ता खंय गेला नाय. त्या डब्यात रवला. तू सिनेमात आयक."

"सिनेमात तरी ताजा मिळतला ना?" काकी म्हणाली.

"एकदम ताजा."

मग ती कामाला लागली, म्हणजे गावभर सांगायला. विहिरीवर, देवळात, काजू सोलणाऱ्या बायकांत, जिथे बसेल तिथे. माझ्या घोवाचा बोलणा डब्यात भरून नेलाय म्हणायची.

पावसाळ्याच्या आधी मुंबईहून पत्र आलं. घरातली पत्रं वाचायचं काम माझं, कारण काकाला अक्षर लागे ते गुडघ्याएवढं. साहेबांनी लिहिलं होतं की सड्यावर वारा फार होता, टेपवर नुसता वाराच आला आहे. काका नेमकं काय बोलले ते इथे कुणालाही आठवत नाही, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. तरी त्यांना दोन दिवस मुंबईला पाठवावं, म्हणजे आवाज पुन्हा भरता येईल. त्यांना जमणार नसेल तर तसं कळवावं, दुसऱ्या कुणाचा घालू. पत्र स्वच्छ होतं, विनयाचं होतं, आणि त्यात मला उद्देशून एक ओळ होती: तुझं मराठी छान आहे. त्या ओळीनं माझा घात केला. मी विचार केला, काकाच्या बोलण्याला मालवणी हेल आहे. मंगळाचा राजा हेल काढून बोलला तर मुंबईचे लोक हसतील. शुद्ध बोलणारा माणूस घरात असताना हेलवाल्याला कशाला पाठवायचं? मी कार्ड घेतलं आणि लिहिलं: मला येणे जमणार नाही, आवाज दुसऱ्या कोणाचा घालण्यास माझी हरकत नाही, माझा पुतण्या दिगंबर हा सदर काम करू शकेल. आपला, बाबल. तालुक्याच्या शाळेत पत्रलेखनात मला वर्गात सगळ्यात जास्त गुण पडत, ते असे कामाला आले.

मग मी वाट बघितली. सगळा पावसाळा सड्याच्या कडेला उभा राहून "पृथ्वीवासीयांनो" म्हणून घसा तयार केला. मुंबईहून काही आलं नाही. साहजिक आहे. आवाज भरायला त्यांच्याकडे माणसं पडली होती, आणि काका काय बोलला हे कुणालाच ठाऊक नसल्यामुळे त्या माणसानं कागदावर होतं ते बोलून टाकलं आणि घरी गेला. साहेबांवर मी इतकी वर्षं चिडून आहे. त्यांनी आणखी एक पत्र टाकायला काय हरकत होती? स्वतः धूर लागला म्हणून डोळे पुसलेत ना? मग ते बोलणं असं सोडून कसं दिलंत? आणि श्रेयनामावलीत काय, तर "मंगळराजा: स्थानिक कलाकार". स्थानिक! मंगळावर स्थानिक कोण, हे तरी विचारायचं होतं. पण चिडून झालं की ते कार्ड डोळ्यांपुढे येतं, आणि मग मला कुणावर चिडावं ते कळत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात सिनेमा मालवणला लागला. तीनचा खेळ. अर्धा गाव एसटीनं गेला. काका पांढरा सदरा घालून पुढे पुरुषांत बसला, मी मागे काकीशेजारी, कारण पडद्यावर काय चाललंय ते तिला सांगायचं काम माझ्याकडे. काकीनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं आणि केसांत अबोली माळली होती. रॉकेट उडालं, मी सांगितलं. बोंडू खाल्लं, मी सांगितलं. तिला त्यात काडीचा रस नव्हता. "इले काय?" ती दर थोड्या वेळानं विचारी. शेवटी धूर आला आणि धुरातून काका आला. हॉलमध्ये शिट्ट्या झाल्या. मी म्हणालो, "काकी, काका आले." तिनं पदर कानामागे घेतला आणि मान वाकडी करून पुढे सरकली.

"पृथ्वी. वासीयांनो. परत. जा." पडद्यावर काकाचं तोंड हललं आणि त्यातून हे निघालं. नाकातून, थबकत थबकत.

"ह्यो कोण?" काकी म्हणाली.

"काका."

"हट् मेल्या! ह्यो बादलीत तोंड घालान बोलता तो कोण?"

 पडद्यावर काका धाकट्या मुलीपुढे वाकला होता, आणि बादली म्हणत होती, परत जा. आणि काकी, आयुष्यभरात चारचौघांत नवऱ्याला कधी हाक न मारलेली बाई, मोठ्यानं म्हणाली, "ओ, तुमी खंय आसात?"

पुढच्या रांगेत काका उभा राहिला. पाठमोराच बोलला, पण काय आवाज लागला होता! "आम्ही इथे आहोत." सगळा हॉल त्याच्याकडे बघू लागला. मग त्यानं पडद्यावरच्या स्वतःकडे बोट केलं. "आणि तू कोण रे? आमचं तोंड लावून आमच्या पाहुण्यांना हाकलणारा तू कोण? मुकुट आमचा, अंग आमचं, आणि जीभ कोणाची उसनी आणलीस?" बॅटरी घेऊन मॅनेजर धावत आला. "खाली बसा, ओ, खाली बसा!" चारी बाजूंनी गाव ओरडला, "मॅनेजर, तुमी बसा! राजा बोलता हा!" तेवढ्यात पडद्यावरच्या काकानं तो हात पुढे केला, या म्हणणारा. खालच्या काकानं तो बघितला. मला वाटतं, हात बघून त्याला आठवलं. त्याचा आवाज तसाच खाली आला, सड्यावर आला होता तसा, आणि तो म्हणाला, "या. आता आलात. उन्हातून आलात, बसा." एवढं एक वाक्य त्या हाताला बरोबर जाऊन लागलं. पुढचं यायच्या आत पडद्यावर परतीचं रॉकेट उडालं, सिनेमा संपला आणि हॉलमध्ये दिवे लागले. बाकीचं बोलणं, वेशीचं, गवताचं, पाण्याचं, ते आलंच नाही. काका सदरा सारखा करून बसला.  काकीची मान अजून वाकडीच होती, पुढचं येईल म्हणून.

ह्याला ते चार्म म्हणतात. हात म्हणतोय बसा, आवाज म्हणतोय जा, आणि पोरं हसून लोळतात. नातीला मी हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, मग तुम्ही लिहून काढा. म्हणून लिहिलं. वर ते बोलणं जसं आठवलं तसं उतरवलंय, पण कागदावर ते मलासुद्धा शिळंच लागतं.

खेळ सुटल्यावर आम्ही स्टँडवर गाडीची वाट बघत बसलो. बाकीची मंडळी भजी खायला गेली होती. काका रागानं नुसता फुलला होता. "दिग्या," तो म्हणाला, "उद्या कार्ड हाड. त्या डायरेक्टराक पत्र लिवचा आसा. मी सांगतंय तसा लिव. माझ्या तोंडात दुसऱ्याचो आवाज घालूच्या आधी माका एकदा तरी विचारूक व्हया होता, म्हणान लिव. कडक लिव. तुझा अक्षर बरा आसा."

 आणखी एक खोटं कार्ड लिहिणं काही कठीण नव्हतं. ते मी पेटीत टाकलंच नसतं तरी कुणाला कळलं असतं? पण शेजारी काकी बसली होती, मान आता माझ्याकडे वाकडी करून, आणि तिच्यासमोर श्वास जरी खोटा घेतला तरी तिला ऐकू गेला असता. वर्षभराची शुद्ध भाषा त्या बाकावर गळून पडली.

"काका," मी म्हणालो, "तेंनी विचारलेला. तुमका मुंबयक बोलवल्यानी होता. पत्र इलेला."

"मगे?"

"मीच लिवलंय, हरकत नाय म्हणान. तुमच्या नावान."

काकानं माझ्याकडे बघितलं. त्यानं मारलं असतं तर बरं झालं असतं, हे वाक्य मी पुष्कळ पुस्तकांतून वाचलंय, पण खरं सांगतो, मला त्या वेळी मार नकोच होता. त्यानं मारलं नाही. "कित्याक?" एवढंच विचारलं, घरातल्या, मीठ मागायच्या आवाजात.

"माका वाटला," मी म्हणालो, "राजाक माझो आवाज घेतीत."

काका उठला आणि नळावर जाऊन पाणी पीत राहिला, पाठ आमच्याकडे करून.  काकीनं केसांतली अबोली काढली, मांडीवर ठेवली आणि माझ्या दिशेनं तोंड वळवलं.

"तुझो?" ती म्हणाली. "मेल्या, तू हाक मारलंस तर आपली म्हस पण मान वर करणा नाय."